सही कोणाची, हक्क कोणाचा: सोलापुरातल्या एका विद्यार्थी गटाचं ओपन सोर्स प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापुरातल्या एका अभियांत्रिकी कॉलेजात संगणक शाखेच्या शेवटच्या वर्षाच्या तीन विद्यार्थ्यांनी ग्रंथालयासाठी प्रोजेक्ट घेतला होता. ग्रंथालयातल्या मराठी पुस्तकांची यादी संगणकावर आहे, पण तिच्यात शोध नीट लागत नाही, ही ग्रंथपालांची जुनी तक्रार. गटप्रमुख मुलगी शहराच्या पूर्व भागातली, घरी तेलुगू बोलणारी. दुसऱ्या मुलाला सप्टेंबरपासून पुण्याच्या एका कंपनीची घरून करायची इंटर्नशिप लागली होती. तिसरा पूर्ण वेळ कॉलेजातच. शनिवारच्या कोडिंग क्लबला त्याच आवारातल्या पॉलिटेक्निकमधून, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा यायचा, तो चौथा म्हणून सामील झाला. मी या गटाला बाहेरून तांत्रिक मार्गदर्शन करत होतो. कॉलेज, कंपनी, प्रकल्प आणि मुलं यांची ओळख पटेल असे तपशील इथे वगळले आहेत.

शोध का लागत नाही याचं कारण मुलांनी मुळापर्यंत जाऊन काढलं. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘वाऱ्यावर’ या शब्दांतला अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवायच्या प्रमाण पद्धतीत, दोन प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि त्याला हलन्त. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात आणि युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकच अक्षर लिहायच्या वेगवेगळ्या पद्धती एकसारख्या करायची प्रक्रिया, लावलं तरी ते एक होत नाहीत. यादी भरणाऱ्याने एका कीबोर्डवर लिहिलं आणि शोधणाऱ्याने दुसऱ्यावर, की कपाटात असलेलं पुस्तक सापडत नाही. न दिसणारी चिन्हं सरसकट पुसून टाकावीत म्हटलं तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, म्हणजे वेगळाच शब्द.

दुरुस्ती लहान होती, पण ती कुठे करायची हा खरा प्रश्न होता. फक्त ग्रंथालयाच्या प्रणालीत केली असती तर प्रोजेक्टचे गुण मिळाले असते आणि विषय संपला असता. ज्या ओपन सोर्स, म्हणजे कोणालाही बघता, वापरता आणि सुधारता येणाऱ्या, लायब्ररीवर (इतर प्रोग्राम ज्याचा आधार घेतात अशा तयार कोडवर) हा शोध उभा होता तिच्यातच केली तर मराठीत शोध देणाऱ्या प्रत्येकाला तिचा उपयोग झाला असता. मुलांनी दुसरा मार्ग धरला, गाइड मॅडमनी होकार दिला आणि नोव्हेंबरात पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘हा बदल तुमच्या कोडमध्ये घ्या’ अशी विनंती, गेली. तो प्रकल्प सांभाळणाऱ्या मेंटेनरचं उत्तर उत्साहाचं होतं: ही अडचण आम्हाला माहीतच नव्हती, चाचण्या जोडा, आम्ही घेतो.

अडचण

मेंटेनरच्या आधी बॉटने, म्हणजे आपोआप तपासणी करणाऱ्या प्रोग्रामने, उत्तर दिलं होतं. प्रकल्प परदेशातल्या एका संस्थेचा, आणि तिथे योगदान देणाऱ्या प्रत्येकाने काँट्रिब्यूटर लायसन्स अ‍ॅग्रीमेंट, म्हणजे सीएलए, स्वीकारावं लागतं. बॉटने कमिटमधून, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदींमधून, लेखकांची नावं काढली आणि प्रत्येकापुढे लाल खूण केली. सहलेखक म्हणून जोडलेली नावंही त्याने धरली होती.

नावं पाच निघाली. गट चौघांचा. पाचवं नाव कोणाच्याच ओळखीचं नव्हतं. शोधल्यावर कळलं की दोन कमिट लॅबमधल्या मशिनवरून झाले होते, आणि त्या मशिनवरच्या गिटच्या, म्हणजे या नोंदी ठेवणाऱ्या प्रोग्रामच्या, कन्फिगमध्ये आधीच्या एका बॅचच्या, पास होऊन गेलेल्या विद्यार्थ्याचं नाव आणि ईमेल तसंच राहिलं होतं. कोड लिहिला गटप्रमुख मुलीने, नोंद झाली भलत्याच्याच नावावर. हे निस्तरणं सोपं होतं. त्या कमिटवरचं लेखकाचं नाव दुरुस्त करून पुन्हा पुश केलं. पण त्यातून एक गोष्ट उघडी पडली: कोणी काय लिहिलं याची नोंद इतकी महत्त्वाची असते हे तोवर कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

उरलेल्या चौघांबद्दल मुलांचा पहिला विचार साहजिक होता. “काय होतंय बे, क्लिक कर की,” तिसरा मुलगा म्हणाला. खाली ‘मला मान्य आहे’ असं बटण होतं. अर्ध्या मिनिटाचं काम. क्लिक म्हणजे काही खरी सही नव्हे, असाही एक समज होता. तो चुकीचा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०अ नुसार करार इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झाला एवढ्याच कारणाने तो अवैध ठरत नाही.

गटप्रमुख मुलीने क्लिक करण्याआधी मजकूर वाचायला घेतला, आणि चौथ्या कलमाशी थांबून मला फोन केला.

करारात काय होतं

हे सीएलए अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या वैयक्तिक कराराच्या धर्तीवर बेतलेलं होतं. अशा करारात कॉपीराइट लेखकाकडेच राहतो. लेखक संस्थेला फक्त परवाना देतो: कायमचा, जगभरासाठी, मोफत, आणि लेखकाला तोच कोड इतर कोणालाही द्यायची मोकळीक ठेवून. ‘कायमचा’ आणि ‘जगभर’ हे शब्द भरतीचे नाहीत. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ मध्ये असं आहे की हस्तांतरणात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरायची, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरायचा. कलम ३०अ मुळे हेच परवान्यालाही लागू होतं. लाखो मशिनवर चालणाऱ्या कोडचा एक तुकडा पाच वर्षांनी बाद होणं कोणालाच परवडणारं नाही, म्हणून हे शब्द स्पष्ट लिहिलेले असतात.

त्यापुढे पेटंटचा परवाना. आणि त्यापुढे ते चौथं कलम: हा परवाना देण्याचा कायदेशीर हक्क मला आहे, माझ्या कामावर माझ्या मालकाचा हक्क असेल तर त्याची परवानगी मी घेतली आहे. पाचवं: हे काम माझं स्वतःचं आहे, आणि त्यात दुसऱ्याचं काही असेल तर ते मी उघड करतो.

सगळं प्रकरण या दोन वाक्यांभोवती फिरलं. सीएलएवर बोलताना लोक नेहमी ‘आपण काय देतो’ हे विचारतात. विद्यार्थ्यांच्या बाबतीत त्याआधीचा प्रश्न असतो: द्यायला ते आपलं आहे का?

मुलांनी आणखी एक प्रश्न विचारला तो इथेच नोंदवतो. “म्हणजे उद्या ते आमचं काम बंद करून विकू शकतात?” करार कसा लिहिला आहे यावर ते ठरतं, आणि हा करार तशी मुभा देत होता. ऑगस्ट २०२३ मध्ये हॅशिकॉर्प कंपनीने आपल्या टेराफॉर्म या सर्व्हर उभारायच्या सॉफ्टवेअरचा परवाना ओपन सोर्स असलेल्या मोझिला पब्लिक लायसन्सवरून स्पर्धकांच्या वापरावर बंधनं घालणाऱ्या बिझनेस सोर्स लायसन्सवर नेला. बाहेरच्यांच्या योगदानासाठी त्यांच्याकडे सीएलए होतं. आधी प्रसिद्ध झालेला कोड जुन्याच परवान्यावर राहिला, त्यातून ओपनटोफू हा वेगळा प्रकल्प निघाला आणि तो लिनक्स फाउंडेशनकडे गेला. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, असं सीएलए नाही. एससीओ कंपनीने २००३ मध्ये, आपला कोड लिनक्समध्ये घातल्याचा आरोप करत, आयबीएमवर खटला भरल्यावर, कोड कुठून आला याची नोंद असावी म्हणून २००४ मध्ये तिथे डेव्हलपर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन आलं. प्रत्येक कमिटखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ अशी एक ओळ, नाव आणि ईमेल. तीत वेगळे जादा हक्क दिले जात नाहीत. हे काम माझं आहे किंवा मला ते देता येतं, आणि ही नोंद कायम सार्वजनिक राहील हे मला मान्य आहे, एवढंच ती सांगते. कोड साठवायची सेवा देणाऱ्या गिटलॅबनेही २०१७ मध्ये सीएलए सोडून हाच मार्ग धरला.

या प्रकल्पामागे ना-नफा संस्था आहे. हे सगळं समजून घेऊन मुलांनी हक्क द्यायचं ठरवलं. माझ्या मते ते योग्यच होतं, कारण निर्णय माहितीवर झाला. पण द्यायचं ठरवणं आणि देता येणं यात अंतर होतं.

प्रत्येकाचा हक्क तपासताना

आधी कॉलेजचा प्रश्न. विद्यार्थी हा कॉलेजचा नोकर नसतो, त्यामुळे कॉपीराइट कायद्यानुसार त्याने लिहिलेल्या कोडचा पहिला मालक तो स्वतः. पण केंद्र सरकारच्या २०१९ च्या राष्ट्रीय इनोव्हेशन आणि स्टार्टअप धोरणात कॉलेजांना असं सुचवलं आहे की संस्थेची साधनं लक्षणीय प्रमाणात वापरली किंवा काम अभ्यासक्रमाचा भाग म्हणून झालं, तर बौद्धिक संपदा निर्माता आणि संस्था यांच्या संयुक्त मालकीची असावी; अभ्यासक्रमाबाहेर आणि संस्थेच्या साधनांशिवाय झालं तर ती पूर्णपणे निर्मात्याची. हे मार्गदर्शक धोरण आहे, प्रत्येक संस्थेने आपलं धोरण करायचं असतं. या कॉलेजात त्याचा मसुदा समितीपुढे पडून होता. मात्र प्रोजेक्ट नोंदवताना मुलांनी एका छापील फॉर्मवर सही केली होती, त्यात ‘प्रोजेक्टचे सर्व हक्क विभागाकडे राहतील’ असं एक वाक्य होतं. ते कोणी, कधी घातलं हे विभागातही कोणाला सांगता येईना. तरी ते वाक्य असताना ‘मला हक्क आहे’ असं ठामपणे लिहिणं धोक्याचंच होतं.

दुसरा, इंटर्नशिपवाला. कंपनीच्या पत्रात स्पष्ट लिहिलं होतं: इंटर्नशिपच्या काळात केलेलं सर्व काम, विषय कोणताही असो, कंपनीच्या मालकीचं. कलम १७(क) मध्ये नोकरी किंवा शिकाऊ उमेदवारीच्या करारात, कामाच्या ओघात केलेल्या निर्मितीची मालकी, उलट करार नसेल तर, मालकाकडे जाते. ग्रंथालयाचा शोध हा कंपनीच्या कामाचा ओघ नव्हेच. पण पत्रातलं वाक्य कायद्यापेक्षा रुंद होतं आणि त्यावर त्याची सही होती.

चौथा, डिप्लोमाचा मुलगा. वय १७. मार्चमध्ये १८ पूर्ण होणार. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ११ नुसार करार करायला माणूस सज्ञान लागतो, आणि १८७५ च्या सज्ञानता कायद्यानुसार ते वय १८. अज्ञान, म्हणजे सज्ञान नसलेल्या, व्यक्तीने केलेला करार रद्द करता येण्याजोगा नव्हे, तर मुळातच शून्य, हे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, प्रिव्ही कौन्सिलने, १९०३ मध्ये मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात सांगितलं, तेव्हापासून आपल्याकडे तेच चालत आलं आहे. १८ झाल्यावर जुन्या कराराला मान्यता देऊन तो जिवंतही करता येत नाही, नव्याने करावा लागतो. इथे एक फरक महत्त्वाचा आहे. लेखक व्हायला वयाची अट नाही. त्याने लिहिलेल्या कोडचा कॉपीराइट त्याचाच. फक्त तो दुसऱ्याला करार करून देता येत नाही.

आपल्याकडे दहावीनंतर डिप्लोमाला जाणारी बहुतेक मुलं पहिली दोन वर्षं अज्ञानच असतात. परदेशातल्या प्रकल्पांच्या नजरेत ‘विद्यार्थी’ म्हणजे पदवीचा, सज्ञान विद्यार्थी. ओपन सोर्समध्ये नव्यांना काम देणाऱ्या गूगल समर ऑफ कोड या उपक्रमालाही वय १८ पूर्ण लागतं. १३ ते १७ वयाच्या मुलांसाठी गूगल कोड-इन होतं, पालकांच्या संमतीपत्रासह. ते २०१० ते २०१९ चाललं आणि बंद झालं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सगळ्यांनी क्लिक करून मोकळं होण्याचा. बहुतेक ठिकाणी हेच होतं आणि बहुतेक वेळा काही बिघडतही नाही. पण खोटं विधान करणारे हे चौघे, आणि पुढे कंपनीने किंवा कॉलेजने हरकत घेतली तर मेंटेनरना ती दुरुस्ती काढावी लागणार. ज्यांनी विश्वासाने कोड घेतला त्यांना अडचणीत आणायचं, हे मला पटणारं नव्हतं.

दुसरा पर्याय तिसऱ्या मुलाने सुचवला, आणि त्यावर सर्वांत जास्त वाद झाला: डिप्लोमावाल्याचा भाग माझ्या नावाने टाकतो. त्याच्या मनात श्रेय लाटायचं नव्हतं, त्याला काम पुढे न्यायचं होतं. डिप्लोमाचा मुलगाही लगेच म्हणाला, “नाव नको सर, काम जाऊ द्या.” सतरा वर्षांच्या मुलाने हे इतक्या सहज म्हणावं याचं मला वाईट वाटलं. पाचव्या कलमाप्रमाणे ते खोटं ठरलं असतं हे आहेच. शिवाय दोन वर्षांनी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेताना, इंटर्नशिप शोधताना त्याच्याकडे दाखवायला हेच काम असणार होतं. गटप्रमुख मुलीने तिथेच विषय संपवला: “ज्याचं त्याच्या नावावर जाईल, नाहीतर जाणार नाही.”

तिसरा पर्याय मूळ प्रकल्पाचा नाद सोडून स्वतःची प्रत, फोर्क, चालवण्याचा. मूळ परवान्याने त्याला पूर्ण मुभा होती. पण जूनमध्ये चौघांतले तिघे बाहेर पडणार. पुढे ती प्रत कोण सांभाळणार?

चौथा, काम तोडून वाटण्याचा: ज्याचा हक्क स्वच्छ आहे ते आधी पाठवायचं, बाकीचं ज्याची त्याची वाट मोकळी होईल तसं. हा सगळ्यांत कष्टाचा होता, कारण कमिट एकमेकांत गुंतलेले होते. तोच निवडला.

काय केलं

मेंटेनरला सगळं सरळ कळवलं: एक जण अज्ञान आहे, एकाच्या इंटर्नशिपचा प्रश्न आहे, कॉलेजचं पत्र यायचं आहे. भीती होती की प्रकरण किचकट दिसून ते पुल रिक्वेस्ट बंद करतील. उलट उत्तर आलं की आम्ही ती उघडी ठेवतो, घाई करू नका. योगदानाला टी-शर्ट देणाऱ्या हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमाच्या निमित्ताने २०२० मध्ये निरर्थक पुल रिक्वेस्टचा जो पूर आला होता, तेव्हापासून विद्यार्थ्यांच्या कामाकडे मेंटेनर जरा सावधपणे बघतात. त्यात अशी स्पष्ट माहिती देणाऱ्या मुलांबद्दल विश्वास वाढतो, हे इथे दिसलं.

मग गटप्रमुख आणि तिसऱ्या मुलाने कमिट सुटे केले. इंटर्नशिपवाल्याच्या बाबतीत एक गोष्ट कामी आली, ती म्हणजे प्रोजेक्ट डायरी. दर आठवड्याला काय केलं ते लिहून गाइडची सही घ्यायची, हे मुलांना निव्वळ ओझं वाटतं. त्याच्या कामाचा पहिला भाग ऑगस्टमधला, इंटर्नशिप सुरू होण्याआधीचा होता. गिटमधली तारीख बदलता येते, त्यामुळे ती एकटी पुरावा म्हणून कमी पडते. पण डायरीत गाइड मॅडमची तारखेसह सही होती. तो भाग निर्धास्तपणे ठेवला. सप्टेंबरनंतरच्या भागासाठी त्याने कंपनीकडे ईमेलने परवानगी मागितली. मॅनेजरने ते एचआरकडे पाठवलं, आणि डिसेंबरात उत्तर आलं की इंटर्नना अशी परवानगी दिली जात नाही. तो भाग काढला. तिसरा मुलगा तेच पुन्हा लिहायला तयार होता, पण त्याने मूळ कोड वाचलेला होता. पाहून लिहिलेला कोड ‘स्वतःचा’ म्हणता येत नाही, म्हणून तेही टाळलं.

कॉलेजचं पत्र मिळवणं हा सगळ्यांत लांबलेला भाग. विभागप्रमुखांची हरकत मनापासूनची होती: कॉलेजची मालमत्ता परदेशी संस्थेला का द्यायची? यावर पेटंट निघेल का, निदान कॉलेजच्या नावाने कॉपीराइट नोंदवता येईल का? कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलला अशा नोंदी लागतात, हे त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. जिल्हा न्यायालयात वकिली करणाऱ्या एका परिचित वकीलबाईंनी त्यांना नीट समजावलं. पेटंट कायद्याच्या कलम ३(के) नुसार निव्वळ संगणक प्रोग्रामला पेटंट मिळत नाही. कॉपीराइट नोंदणीशिवायही असतोच, आणि सीएलए दिल्यावरही तो जागचा हलत नाही. शिवाय मूळ लायब्ररी अपाचे परवान्याची आहे आणि त्या परवान्याचं पाचवं कलमच सांगतं की जाणीवपूर्वक पाठवलेलं योगदान, वेगळं काही लिहिलं नसेल तर, त्याच अटींवर धरलं जातं. म्हणजे खरा निर्णय पुल रिक्वेस्ट पाठवण्याचा होता, आणि त्याला विभागाने आधीच होकार दिलेला होता.

कार्यालयाने स्टॅम्प पेपर आणायला सांगितला. वकीलबाईंच्या मते लेटरहेडवरचं साधं ना हरकत पत्र पुरेसं होतं. त्यांनी मजकूर तीन वाक्यांत बसवला: सदर विद्यार्थ्यांनी या प्रोजेक्टचा खाली नमूद केलेला भाग सदर ओपन सोर्स प्रकल्पाला त्यांच्या योगदान करारानुसार देण्यास संस्थेची हरकत नाही. या भागावर संस्थेचा काही हक्क असल्यास संस्था तोही त्याच अटींवर देत आहे. प्रोजेक्ट मूल्यमापनावर याचा परिणाम होणार नाही. दुसरं वाक्य कळीचं. संयुक्त मालकी असेल-नसेल हा वाद न सोडवताच ते वाट मोकळी करतं. सत्र परीक्षा, मग सिद्धेश्वर यात्रेच्या सुट्ट्या, असं करत प्राचार्यांची सही जानेवारीअखेर झाली.

डिप्लोमाच्या मुलासाठी थांबायचंच ठरलं होतं, पण त्याचं नाव आणि ईमेल कायमचं सार्वजनिक होणार, म्हणून घरच्यांना कळवणं आम्हाला आवश्यक वाटलं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही १८ खालच्या व्यक्तीला बालकच मानलं आहे. गटप्रमुख मुलगी आणि मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्याच्या वडिलांना भेटलो. त्यांचे चादरीचे यंत्रमाग आहेत. मागांच्या आवाजात बोलणं होईना म्हणून ते बाहेर आले. पैसे भरायचेत का, हा त्यांचा पहिला प्रश्न. नाही म्हटल्यावर ते म्हणाले, “आमच्याकडं जॉब वर्कला सूत व्यापाऱ्याचं, माग माझा. माल त्याचा, मला मजुरी. यात सूत कुणाचं?”

इतका नेमका प्रश्न तोवर कोणीच विचारला नव्हता. गटप्रमुख म्हणाली, “काका, सूत त्याचंच, विणलंय पण त्यानंच. माल त्याच्याच नावावर राहतो. वापरायची परवानगी सगळ्यांना.” त्यावर त्यांनी विचारलं, “मग माग कॉलेजचा होय?” लॅबचा होता. म्हणूनच कॉलेजचं पत्र घेतोय, हे सांगितल्यावर त्यांचं समाधान झालं.

वाट बघण्याच्या काळात मुलाने आपल्या चाचण्यांची फाइल तपासली. सुट्या शब्दांचा प्रश्न नव्हता, पण नमुन्याची काही वाक्यं त्याने शाळेच्या पाठ्यपुस्तकातून जशीच्या तशी उतरवली होती. ती दुसऱ्याच्या कॉपीराइटची. त्याने ती सगळी काढली आणि स्वतःची लिहिली: वाऱ्यावर वाळणाऱ्या चादरी, बाजारातल्या भाकऱ्या, गड्ड्यातल्या (सिद्धेश्वर यात्रेतल्या) जत्रेकऱ्यांची गर्दी. चाचण्या आधीपेक्षा चांगल्या झाल्या, कारण अर्धा र त्याला हवा तिथे हवा तेवढ्या वेळा आणता आला.

काय झालं

मुख्य दुरुस्ती फेब्रुवारीत मर्ज झाली, म्हणजे मूळ कोडमध्ये घेतली गेली. मार्चमध्ये डिप्लोमाच्या मुलाला १८ पूर्ण झाली, त्याने स्वतः करार वाचून स्वीकारला, आणि त्याचा भाग वेगळ्या पुल रिक्वेस्टने, त्याच्या एकट्याच्या नावावर, एप्रिलमध्ये गेला. ग्रंथालयातला शोध आता दोन्ही प्रकारचा अर्धा र ओळखतो.

इंटर्नशिपवाल्याचा वेग वाढवणारा भाग मात्र गेला तो गेलाच. मेंटेनरने नंतर ते काम स्वतःच्या पद्धतीने केलं. ऑगस्टमधल्या कामामुळे योगदान देणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव आलं, पण ज्यावर त्याने जास्त रात्री घालवल्या ते त्यात नाही. त्याला याचं दुःख आहे, आणि ते रास्त आहे. कंपनीचं काहीच बिघडणार नव्हतं.

कॉलेजचं बौद्धिक संपदा धोरण अजून मसुद्यातच आहे. विभागाने मात्र प्रोजेक्ट नोंदणीच्या फॉर्ममधलं ‘सर्व हक्क विभागाकडे’ हे वाक्य काढून वकीलबाईंचा मजकूर घेतला.

वेगळं काय करता आलं असतं

पत्राला नोव्हेंबरपासून जानेवारीअखेर लागली. तेच पत्र ऑगस्टमध्ये, सिनॉप्सिस, म्हणजे प्रोजेक्टचा आराखडा, मंजूर करताना मागितलं असतं तर इतर कागदांबरोबर सही होऊन गेलं असतं. काम झाल्यावर परवानगी मागितली की समोरच्याला आपल्या हातून काही मौल्यवान निसटतंय असं वाटतं; कामाआधी मागितली तर ती नुसती परवानगी असते. सोलापुरातल्या कॉलेजांनी यातून एवढं जरी घेतलं तरी पुष्कळ. ही जबाबदारी विभागाची आहे. वीस-एकवीस वर्षांच्या मुलांनी प्राचार्यांच्या दारात पत्रासाठी ताटकळत राहावं, हे बरोबर नाही.

प्रकल्प निवडतानाच त्याची योगदानाची अट वाचायला हवी होती. काँट्रिब्यूटिंग नावाची फाइल बऱ्याच प्रकल्पांच्या रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या साठ्यात, असते. साइन-ऑफ पुरेसं असलेला प्रकल्प निवडला असता तर बॉट अडला नसता. पण हक्काचे प्रश्न तिथेही तेच राहिले असते, फक्त कोणी विचारले नसते. म्हणून मी सीएलएला दोष देणार नाही. या मुलांना ते कलम अडलं नसतं तर इंटर्नशिपच्या पत्रात काय लिहिलं आहे हे त्या मुलाला नोकरी लागेपर्यंत कळलं नसतं.

वयाचं गणित पहिल्या शनिवारीच करता येण्यासारखं होतं. आता क्लबमध्ये १८ खालच्या मुलांना वेगळी ब्रांच (कोडची वेगळी शाखा) आणि वेगळे कमिट ठेवायला सांगतात. ज्या कामाला करार लागत नाही, म्हणजे बग नीट नोंदवणं, तो पुन्हा कसा घडतो ते दाखवणं, दुसऱ्याची दुरुस्ती तपासून बघणं, ते त्यांना आधी देतात. लॅबच्या मशिनवरची गिटची जुनी नावं पुसली आहेत आणि प्रत्येकाने आपल्या रिपॉझिटरीपुरतंच नाव टाकायचं, असं ठरलं आहे.

इंटर्नशिपचं कोडं पूर्ण सुटलेलं नाही. विभाग आता पत्र स्वीकारण्याआधी ते गाइडला दाखवायला सांगतो आणि कंपनीला एक ओळ घालायची विनंती करतो: ‘विद्यार्थ्याचा शैक्षणिक प्रोजेक्ट आणि कंपनीची साधने न वापरता केलेले ओपन सोर्स योगदान यातून वगळले आहे.’ काही कंपन्या ती घालतात, काही नाही म्हणतात. नाही म्हणणाऱ्या कंपनीत जाणाऱ्या मुलाला आपला भाग रुजू होण्याआधी पुल रिक्वेस्टमधून पाठवून द्यायला सांगतो, आणि त्या आठवड्याच्या डायरीवर गाइडची सही घ्यायला.